लग्नाशिवायचे समधी

विनोद जमला की फसला, हे आमच्या घरी लसणावर ठरतं. मी संगणकासमोर फिल्म जोडायला बसलो की माझी बायको सुमन सूप घेऊन मागे बसते आणि लसूण सोलते. ती हसत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली, तिला हसवायचा नाद मी केव्हाच सोडला. मी फक्त तिच्या हातांकडे बघतो. हात चालत राहिले तर प्रसंग कापायचा, हात थांबले तर ठेवायचा. या परीक्षेत मी किती वेळा नापास झालो ते सांगत बसत नाही, सणासुदीचे दिवस आहेत.

हिंदी मुलखाच्या मराठी सरहद्दीवर, बालाघाटात, आमचं घर नोकरदारांचं. वडील जंगलखात्यात, दोघे भाऊ सरकारी कचेरीत, मी एकटा वाया गेलेला. वडील पाहुण्यांना माझी ओळख करून देत, "हा धाकटा, कॅमेऱ्यात आहे." जणू कॅमेरा नावाचं एक खातं आहे आणि माझी तिथं बदली झालेली आहे. सुरुवात मी लग्नांच्या शूटिंगनं केली. एकदा बिरशाकडचा एक नवरदेव लग्नानंतर आठवड्यानं आला आणि म्हणाला, फिल्ममधून फुफाजींना काढून टाका, त्यांनी मांडवात फार तमाशा केला. फुफाजी म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे ते रुसले नाहीत तर लग्न लागलं असं कोणी मानत नाही. मी त्यांना काढलं. वर्षभरानं तोच नवरदेव परत आला. "भाऊ, फुफाजीले परत टाका. आता आमचं जमते." मी टाकलं. पण त्या दिवशी ते तोंड फुगवूनच बसले होते, हसरे फुफाजी मी आणणार कुठून? पुढे कळलं की घरी सगळ्यांनी मिळून फिल्म पाहिली आणि सर्वांत जास्त फुफाजीच हसले. मला तिथं माझा धंदा सापडला. मी लग्नं कमी केली आणि विनोदी फिल्मा काढायला लागलो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. आपण विनोद करतो आहोत हे ज्याला माहीत आहे, तो माझ्या कामाचा नाही. कॉलेजातली मुलं येतात, तोंडं वेडीवाकडी करून दाखवतात. मी त्यांना चहा पाजतो आणि परत पाठवतो. मला खऱ्या रागानं रागावणारा आणि खऱ्या मानानं मान मागणारा माणूस लागतो. हसायचं काम बघणाऱ्याचं आहे.

आमच्या फिल्मा मंडईत चालतात. दिवाळी झाली की सरहद्दीवरच्या गावांत मंडई नावाची जत्रा भरते. एकेका गावाचा दिवस ठरलेला असतो, लेकी-जावई येतात, दंडार नाचते, जिलबी तळली जाते. दुपारी एखाद्या राइस मिलच्या रिकाम्या शेडला आतून ताडपत्र्या लावून आम्ही अंधार करतो आणि पांढरा पडदा टांगतो. पहिल्या वर्षी लोक हसले आणि त्या हशात पुढची तीन वाक्यं वाहून गेली. मी कपाळाला हात लावला. मग शिकलो की हशाला जागा ठेवावी लागते. वाक्य झालं की पात्रानं जमिनीकडे बघायचं, पागोटं सारखं करायचं, आणि तेवढ्यात लोकांनी हसून घ्यायचं. पण तीच फिल्म एखादा माणूस एकटा मोबाइलवर बघतो तेव्हा ती जागा त्याला खड्ड्यासारखी लागते. म्हणून मी प्रत्येक फिल्म दोनदा जोडतो, एक मंडईची आणि एक मोबाइलची. लोकांना वाटतं विनोद म्हणजे बोलणं. माझं निम्मं काम गप्प राहण्याची लांबी मोजण्यात जातं.

डोमाजी आणि किसनजी मला एका लग्नातच भेटले. खैरलांजी तहसिलीतलं एक गाव. डोमाजी बसवर कंडक्टर होते, ठेंगणे, आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूसही तिकीट काढेल. किसनजी प्राथमिक शाळेत गुरुजी होते, उंच, जाडजूड, आणि बोलणं इतकं सावकाश की ऐकणाऱ्याची बस सुटावी. दोघांची धानाची शेतं लागून आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड. बूड डोमाजींच्या बाजूला, फांद्या किसनजींच्या बाजूला. फुलं पडायची किसनजींच्या शेतात. ती कोणाची, यावरून दोघांत नऊ वर्षं अबोला होता. लग्नाच्या पंगतीत ते हातभर अंतरावर बसले होते. डोमाजी मधल्या माणसाला म्हणाले, "त्याले सांग, पाय उचल. माही चप्पल हाये त्याच्या पायाखाली."

मधल्यानं तोंड उघडायच्या आत किसनजी म्हणाले, "त्याले सांग, पंगतीत चप्पल काहून आनली."

मी जेवण सोडून उठलो आणि दोघांना वेगवेगळं गाठलं. डोमाजींनी विचारलं, "तो हाये काय फिल्ममंधी?" मी हो म्हटलं. "मंग मीबी येतो." किसनजींनीही तेच विचारलं आणि तेच उत्तर दिलं. आमच्या सात फिल्मा या एका अबोल्यावर चालल्या. हे दोघं समोरासमोर, मध्ये कोणीतरी बिचारा निरोप्या, आणि सांगता सांगता त्या निरोप्याचा जीव मेटाकुटीला येतो आहे. आमची शहरातली मुलं, ज्यांना मराठी वाचायचा कंटाळा येतो, तीसुद्धा मोबाइलवर फिल्मखाली हिंदीत लिहायची, चप्पलवाले चाचा का अगला कब आएगा. शूटिंग संपलं की दोघं वेगवेगळ्या वाटेनं घरी जात. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मला वाटायचं, भांडण आहे तोवर चूल पेटती आहे.

विनोदी फिल्मा काढणाऱ्याला जो भेटेल तो सांगतो, "भैया, अब कोई ढंग की फिल्म बनाओ." ढंगाची म्हणजे जिच्यात कोणीतरी मरतं ती. मला तसली काढायची नव्हती. मला दीड तासाची विनोदीच काढायची होती, पण अशी, की लोकांनी पोट धरून हसावं आणि उठताना कोणी कोणाशी बोलू नये. ही हौस मी सुमनलाही सांगितली नव्हती. मग एका मोठ्या शहरातल्या गृहस्थांचा फोन आला. ते चित्रपटांचा महोत्सव भरवत. आमच्या फिल्मा त्यांनी मोबाइलवर पाहिल्या होत्या. म्हणाले, याच दोघांना घेऊन मोठी फिल्म करा, आम्ही खऱ्या थिएटरात दाखवू. यांचं भांडण हीच तुमची ताकद आहे. साठीला टेकल्यावर आपली ताकद कोणती हे कोणीतरी सांगत होतं. मी चार दिवस हवेत होतो.

गोष्ट मी सोपी लिहिली. दोन वैरी, एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी, दीड तास भांडण आणि शेवटी समधी-भेट. व्याह्यांना आमच्याकडे समधी म्हणतात. लग्न लागलं की दोघे बाप पंचांसमोर उभे राहतात, एकमेकांवर तांदूळ टाकतात, कुंकू लावतात, खांद्यावर दुपट्टा घालतात, गळाभेट घेतात आणि एकमेकांना तीनदा उचलतात. त्या दिवसापासून समध्याचा मान देवाच्या खालोखाल.

आता फिल्म ज्या क्रमानं दिसते त्या क्रमानं काढत नाहीत, हे सांगायला हवं. जागा, ऊन आणि माणसं जेव्हा मिळतील तेव्हा तो तुकडा काढून घ्यायचा. किसनजींच्या पुतण्याचं लग्न झालं, मांडव अजून उभा होता, बाया नव्या लुगड्यांत होत्या आणि बँडवाले जेवून सुस्तावले होते. एवढा थाट मला पुन्हा कुठून मिळणार? मी म्हटलं, शेवट आधीच काढून घेऊ. नवरा-नवरी व्हायचे होते ते दोघं विद्यार्थी बालाघाटात परीक्षेला बसले होते, त्यांनी मांडव पाहिलाही नव्हता. मला सगळं खरं हवं होतं, म्हणून मी गावातले पाच पंच बसवले, पंडितजींना बोलावलं, खरे तांदूळ, खरं कुंकू घेतलं. बायांनी गाणं धरलं. किसनजींनी डोमाजींना पोत्यासारखं तीनदा उचललं. मग डोमाजींनी दात आवळून किसनजींना उचललं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जेमतेम टाचा सुटल्या. गळाभेटीत दुपट्टा डोमाजींच्या तोंडावर आला आणि चेहरा झाकला गेला.

मी म्हटलं, "अजून एकदा घेऊ."

किसनजी सावकाश माझ्याकडे वळले. "भेट एकदाच होते, भाऊ. समधी-भेट काय दोनदा होते?"

पंचांनी माना हलवल्या. मीही म्हटलं, राहू दे.

तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर भांडण काढायला गेलो. डोमाजींनी किसनजींना चोर म्हणायचं होतं. कॅमेरा सुरू झाला. डोमाजींनी बोट उगारलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "समधीजी, उन्हात काहून उभे? सावलीत या ना."

मी कट म्हटलं.

"कट काहून? काय चुकलं?"

"डोमाजी, त्यांना चोर म्हणायचं आहे."

"समध्याले? भेट झाली ना आता. आता कसं म्हनू?"

मी समजावलं की ते खोटं होतं, फिल्मसाठी होतं, कोणाचं लग्नच झालेलं नाही. दोघांच्याही मुलांची लग्नं केव्हाच दुसरीकडे झालेली, नातवंडं शाळेत जातात. किसनजींनी मला वर्गातल्या मंद मुलासारखं समजावलं. "मनोहरभाऊ, पोरापोरीचं लगन खोटं होतं, मान्य. पन तांदूळ खरे होते, पंच खरे होते, अन् मी त्यायले उचललं तेबी खरं. मंग खोटं काय राह्यलं?"

पुढचे चार दिवस मी सगळं करून पाहिलं. डोमाजींना एकटं उभं करून खांबाला शिव्या द्यायला लावल्या. त्यांनी मनापासून दिल्या आणि शेवटी खांबाला "येतो, समधीजी" म्हणाले. गाव मात्र खूश होतं. दोघं संध्याकाळी एका खाटेवर बसत. मोहफुलं दोघांच्या बायका मिळून वेचत. आणि माझी दीड तासाची फिल्म, जिच्यात सव्वा तास भांडण होतं, तिचं एक मिनिटसुद्धा तयार नव्हतं. त्या गृहस्थांना मी तारीख कबूल करून बसलो होतो.

पुढचं लिहायला मला जड जातं. पाचव्या दिवशी सकाळी मी डोमाजींच्या अंगणात चहा पिता पिता म्हणालो, "किसनजी चौकात म्हणत होते, भेटीत डोमाजीच आधी वाकला, म्हणजे झाड माझं, हे त्यानं पंचांसमोर कबूल केलं."

असं कोणी काही म्हटलं नव्हतं. मी ते रात्री अंथरुणात रचलं होतं.

डोमाजींनी कप खाली ठेवला. "असं म्हनला तो?"

समधीजीचा पुन्हा 'तो' झाला होता, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

दुपारी झाडाखाली कॅमेरा लावला. डोमाजी निरोप्याला बाजूला सारून थेट किसनजींसमोर उभे राहिले. "तुले उचलतानी माही कंबर गेली. आठ दिवस झाले, मी सरळ झोपून नाही राह्यलो. कोनाले सांगितलं नाही, म्हटलं समधी हाये. अन् तू चौकात सांगत फिरून राह्यला?" आवाज चिरकला, तरी ते बोलत राहिले. भोवतीचे लोक हसले, कारण कंबरेचं बोलणं कोणालाही हसवतं. किसनजींना वाटलं हे नवं वाक्य आहे, ते आपल्या वाक्याची वाट बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून ते वाट बघणं उतरलं. मी कॅमेरा बंद केला नाही. माझा हात हललासुद्धा नाही.

घरी येऊन तो तुकडा लावला. मागे सुमनचे हात थांबले. मी मनात म्हटलं, जमलं. पण तिनं सूप खाली ठेवलं, हे तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"हे काय हाये?"

"धुऱ्यावरचं भांडण."

"हा मानूस भांडून नाही राह्यला. याले काहीतरी लागलं. तुम्ही काय केलं?"

मी सांगितलं. ती रागावली असती तर मी वाद घातला असता, कलेचं काही बोललो असतो. ती रागावली नाही. म्हणाली, "तुम्हाले फिल्म पाहिजे होती. त्यायले इतक्या वर्षानं मानूस भेटला होता."

त्या रात्री मी स्वतःला बरंच पटवलं. तो तुकडा आहेच एवढा चांगला, दोघं महिन्याभरात आपोआप समेट करतील, महोत्सव झाल्यावर सांगू. सकाळी मोटारसायकल काढली आणि वारासिवनीवरून गावात गेलो. किसनजी ओसरीवर बसून होते. त्यांच्या बायकोनं सांगितलं, कालपासून नीट जेवले नाहीत, आपलं काय चुकलं तेच म्हणतात. मी त्यांना झाडाखाली चला म्हटलं. डोमाजींनाही कंबर धरत धरत आणलं. आणि दोघांसमोर म्हणालो, चौकात कोणी काही बोललं नव्हतं, ते मी रचलं, मला भांडण हवं होतं.

कोणी बोललं नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, मी जन्मभर गप्पपणाच मोजत आलो तरी. मला वाटलं, आता शिव्या बसतील, आणि बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोमाजी किसनजींकडे वळले. "समधीजी, त्यायले सांगा, चहा घेऊन जा म्हना."

किसनजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "समधी म्हनते, चहा घेऊन जा."

मी चहा घेतला. त्यानंतर सात महिने ते दोघं माझ्याशी असेच बोलले, मी समोर उभा असताना एकमेकांमार्फत. मला राग आला नाही. खरं म्हणजे पहिल्यांदाच माझ्यावर काढलेला विनोद मला कळला.

तो तुकडा मी त्याच दिवशी संगणकातून आणि कॅमेऱ्याच्या कार्डातूनही पुसला. मग प्रश्न राहिला फिल्मचा. ती भांडणाची होणार नव्हती. पण शूटिंगला दोघं येत होते, आणि त्यांना बघता बघता मला दुसरीच गोष्ट दिसायला लागली. दोघं समधी इतके मानपानाचे, की बसच्या दारात एक म्हणतो आधी तुम्ही चढा, दुसरा म्हणतो नाही तुम्ही, आणि बस निघून जाते. एक खाटेवर बसत नाही म्हणून दुसरा जमिनीवर बसतो, म्हणून पहिला अजून खाली जागा शोधतो. पहिला घास कोणी घेईना म्हणून दोघं उपाशी. प्रसंग तेच सुचवत होते. डोमाजी म्हणत, "समधीजी, त्यायले सांगा, समध्याच्या पुढं चालतबी नाहीत. दोघंबी मागं राह्यले तं गाव येनारच नाही." मी लिहून घेत होतो. दीड तास भरला नाही, तासाच्या आत संपली. महोत्सवाच्या गृहस्थांना पाठवली. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "पण भांडण कुठे आहे?" आणि घेतली नाही. मला वाईट वाटलं. जितकं वाटेल असं वाटलं होतं, तितकं नाही.

रामपायलीच्या अलीकडच्या एका गावात मंडईच्या दुपारी ती पहिल्यांदा दाखवली. शेडमध्ये कोंड्याची धूळ, पोरं शिंकत होती, बसच्या प्रसंगाला लोक इतके हसले की मी ठेवलेली जागा पुरली नाही. शेवटी समधी-भेट आली, तीच एका दमात काढलेली, जिच्यात डोमाजींचा चेहरा दुपट्ट्यात झाकला गेला होता. टाचा जेमतेम सुटल्या त्यावर मोठा हशा झाला, आणि गळाभेट सुरू झाली तशी सगळी शेड गप्प झाली. पडदा पांढरा झाला तरी लोक थोडा वेळ उठले नाहीत. मी ताडपत्रीआड उभा होतो. मला काय हवं होतं ते मला मिळालं होतं, फक्त खुर्च्यांचं थिएटर नव्हतं.

लोक जिलबीकडे पांगले. डोमाजी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे आले. किसनजी दोन पावलं मागे होते. सात महिन्यांत पहिल्यांदाच डोमाजी थेट माझ्याशी बोलले.

"मनोहरभाऊ, ते माह्यं धुऱ्यावरचं कुठं गेलं? त्यात नाही दिसलं."

"पुसलं."

"सगळं?"

"सगळं."

ते पडद्याकडे वळले. "कसं झालतं ते?"

बरं नव्हतं झालं, असं म्हणणं सोपं होतं. पण या माणसाशी मी एकदा खोटं बोललो होतो. म्हटलं, "डोमाजी, मी आजवर जेवढं काढलं, त्यात सर्वांत चांगलं."

डोमाजींनी किसनजींकडे पाहिलं. किसनजींनी मान खाली घातली. मग डोमाजी माझ्याकडे वळले, आणि आता त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता.

"मंग पुसाच्या आधी आमाले दोघाले एकडाव दाखवाचं तं होतं, भाऊ."